अर्धशिशी : घरचे उपाय कोणते, आणि ते नेमके कधी करायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. महिन्यातून चार-पाच वेळा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळतं, उलटी होते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, दीड-दोन दिवस अंथरूण धरावं लागतं. तपासण्यांमध्ये काही निघालेलं नाही. गोळ्या घेऊन कंटाळलात, आता घरच्या घरी काय करता येईल ते हवंय. आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारल्यासारखं, ९ वर्षांच्या मुलीचंही डोकं दुखायला लागलंय, तिचं काय?

डोकेदुखीचे रुग्ण तपासत मला वीसेक वर्षं झाली, आणि अर्धशिशी मला स्वतःलाही आहे. त्यामुळे हे उत्तर खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. ‘घरचे उपाय करून पाहिले, काही उपयोग नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारते तो ‘काय केलंत’ हा नसतो, ‘किती वाजता केलंत’ हा असतो. बहुतेकांचं उत्तर एकच असतं: अगदीच सहन होईना तेव्हा. म्हणजे दुखणं सुरू झाल्यावर तीन-चार तासांनी. तेव्हा बर्फ काय आणि आलं काय, काहीच फारसं चालत नाही. गोळीसुद्धा चालत नाही.

यामागचं कारण समजून घ्या, मग बाकीचं सोपं जाईल. चेहरा आणि मेंदूची आवरणं यांची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस असते. अर्धशिशीत ही नस चाळवते आणि तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन बाहेर पडतं. त्याने आवरणातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, भोवतीच्या नसा हुळहुळ्या होतात आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक ठणका लागतो. पहिल्या तासाभरात हा गोंधळ बराचसा या नसेपुरता असतो. मग तो मेंदूच्या आतल्या पेशींपर्यंत पोहोचतो आणि त्या स्वतःच दुखण्याचे संदेश पाठवत राहतात. ही अवस्था ओळखायची खूण अगदी घरगुती आहे: केस विंचरताना टाळू दुखते, चष्म्याची काडी कानामागे बोचते, त्या कुशीवर उशीला गाल टेकवत नाही. इथवर पोहोचलात की अर्धशिशीसाठीच बनवलेली ट्रिप्टान गटातली औषधंही कमी गुण देतात. भरीला पोटाची हालचाल मंदावते, त्यामुळे तोंडाने घेतलेलं औषध पोटातच पडून राहतं. गोळी ‘लागू पडत नाही’ यामागे बरेचदा एवढंच असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे झटक्याची चाहूल ओळखणं. दुखणं सुरू होण्याच्या काही तास आधी, कधी कधी एक-दोन दिवस आधीसुद्धा, शरीर सूचना देतं. झोप झालेली असूनही एकामागून एक जांभया, आखडलेली मान, वारंवार लघवी, विनाकारण चिडचिड, अचानक गोड खायची हुक्की. काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे झगमगती नागमोडी रेघ दिसते, ती हळूहळू पसरते आणि साधारण ५ ते ६० मिनिटांत जाते. याला ऑरा म्हणतात. माझ्या आयुष्यातला पहिला ऑरा मला बाह्यरुग्ण विभागात काम करताना आला. समोरच्या कागदावर रुग्णाचं नाव वाचत होते, तर नावाची मधली दोन अक्षरं नाहीशी झाली. पुसल्यासारखी नाही, तिथे कधी नव्हतीच अशी. डोळे चोळले, चष्मा पुसला, शेवटी रुग्णालाच नाव विचारलं. वीस मिनिटांनी अक्षरं परत आली आणि डावं कानशील ठणकू लागलं. त्या दिवशी मी पुढचे सगळे रुग्ण तपासून मग घरी गेले. तो शहाणपणा नव्हता, हे पुढच्या दोन दिवसांत कळलं.

आता झटक्याच्या वेळी काय करायचं ते.

थंड शेक सगळ्यांत भरवशाचा. बहुतेक जण बर्फ कपाळावर ठेवतात. त्याने बरं वाटतं, पण मानेवरही ठेवून पाहा. हनुवटीखाली गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी नाडी लागते, तिथून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी त्वचेच्या जवळून वर चढते. २०१३ मध्ये हवाई बेटांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत मानेभोवती गोठवलेला पट्टा लावल्यावर अर्ध्या तासात दुखणं लक्षणीय कमी झालेलं दिसलं. पट्टा नसेल तर बर्फाचे खडे पिशवीत घाला, पिशवी पातळ ओल्या कापडात गुंडाळा आणि १५-२० मिनिटं ठेवा. मग तेवढाच वेळ काढून ठेवा. बर्फ उघडा त्वचेवर नको, चटका बसतो. काहींना थंड सोसत नाही, उलट मानेला आणि खांद्यांना गरम शेकाने सुटल्यासारखं वाटतं. अशांनी खुशाल गरम शेक घ्यावा, पण मान-खांद्यांवर. ठणकणाऱ्या कानशिलावर गरम नको.

अंधाराबद्दल थोडं. खोली काळोखी करा हे सगळेच सांगतात, पण खोली काळोखी करून हातात मोबाइल घेऊन पडलेले रुग्ण मी मोजू शकणार नाही इतके पाहिले आहेत. अर्धशिशीतला उजेडाचा त्रास रंगावर अवलंबून असतो. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की निळा, लाल, पिवळसर आणि पांढरा उजेड दुखणं वाढवतो, तर हिरवा त्यामानाने सगळ्यांत कमी त्रास देतो. म्हणजे हिरवा दिवा हे औषध झालं असं नाही, पण रात्री दिवा लावणं भागच असेल तर मंद हिरवा लावा. मात्र एक इशारा: एरवीच्या दिवसांत घरात गॉगल घालून वावरू नका. डोळ्यांना काळोखाची सवय लागली की साधा उजेडही टोचू लागतो.

आलं. याबद्दल लोक एकतर भाबडे असतात नाहीतर तुच्छतेने बोलतात, दोन्हीची गरज नाही. २०१४ मध्ये इराणमध्ये अर्धशिशीच्या १०० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना २५० मिलिग्रॅम सुंठेची पूड आणि निम्म्यांना ५० मिलिग्रॅम सुमाट्रिप्टान, म्हणजे ट्रिप्टान गटातलंच औषध, दिलं. दोन तासांनंतरचा उतारा जवळपास सारखा होता. ऐकायला फार छान वाटतं, पण तुलनेला खोट्या, म्हणजे आत औषध नसलेल्या, गोळीचा गट नव्हता, त्यामुळे मी ते निम्म्या मनाने घेते. मळमळीवर मात्र आलं खरोखर चालतं आणि अर्धशिशीत मळमळ आवरणं म्हणजे निम्मी लढाई. मोठी चिमूटभर, म्हणजे पाव चहाचा चमचा सुंठ कोमट पाण्यात ढवळून घोट घोट प्या, किंवा आल्याचा पातळ काप दाढेखाली धरा. रोज आलं खाल्लं म्हणजे झटके येणारच नाहीत असं मात्र नाही. झटके टाळण्यासाठी रोज तीन महिने आल्याचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा तो खोट्या गोळीहून सरस ठरला नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आल्याचा मारा करू नका. आणि सुंठ कपाळाला फासून आग होत असेल तर ती आग म्हणजे गुण नव्हे, त्वचा भाजते आहे.

पुदिन्याचं तेल किंवा मेन्थॉलचा बाम कपाळाला आणि कानशिलाला लावला की थंडावा जाणवतो आणि मेंदूचं लक्ष थोडं वळतं. १० टक्के मेन्थॉलच्या द्रावणाचा उपयोग अर्धशिशीच्या एका छोट्या चाचणीत दिसला आहे. पण झटक्यात नाक तिखट झालेलं असतं. काहींना त्याच वासाने उमळून येतं. तुम्हाला वास सोसत नसेल तर हा उपाय तुमचा नाही, एवढंच. डोळ्यांपासून लांब ठेवा, हात धुवा.

डोक्याला घट्ट फडकं बांधायची जुनी सवय अनेकांना असते. तिला हसू नका. कानशिलाजवळची वरवरची रक्तवाहिनी दाबली गेली की काहींचा ठणका तेवढ्यापुरता उतरतो. सोडलं की परत येतो. दहा-पंधरा मिनिटं बांधून झोप लागत असेल तर बांधा. झोप लागणं हे झटक्यात फार मोलाचं आहे, अनेकांचा झटका झोपेतच सरतो.

कॉफी किंवा कडक चहा सुरुवातीलाच एक कप घेतला तर दोन फायदे: कॅफिन स्वतः थोडा उतारा देतं आणि वेदनाशामक गोळीचा गुण वाढवतं. पण ज्यांचे दिवसाला चार-पाच कप होतात त्यांना पाचव्या-सहाव्या कपाने काय होणार? उलट सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलात, सकाळचा कप चुकला, की दुपारी डोकं धरतं. ‘रविवारचं डोकं’ म्हणून जे सांगतात त्यात उशिरापर्यंतची झोप आणि हुकलेलं कॅफिन या दोघांचाही हात असतो. दिवसाला साधारण २०० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे दोनेक कप कॉफी, आणि रोज ठरलेल्या वेळी. कमी करायचं तर एकदम तोडू नका, आठवड्याला एक कप असं उतरवा.

याबरोबर घोटाघोटाने पाणी आणि जमलं तर थोडंसं कोरडं खाणं. रिकाम्या पोटी झटका लांबतो.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. तुम्ही गोळ्यांना कंटाळलात, पण साधी वेदनाशामक गोळी वेळेवर घेणं हाही घरचाच उपाय आहे. प्रौढ माणसाला पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम किंवा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, दुखणं हलकं असतानाच, पूर्ण मात्रेत. अर्धी आत्ता, अर्धी नंतर असं करत गोळीशी घासाघीस केलीत तर गोळी जाते आणि झटकाही राहतो. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेन आपल्या मनाने नको. यकृताचा आजार असेल तर पॅरासिटामॉलची मात्राही विचारून घ्या. उलटी होतच असेल तर ती थांबवणारी गोळी डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात ठेवा.

गोळीची खरी भीती वेगळी आहे आणि तिला आकडा आहे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान, अर्गोटामीन आणि अनेक औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. माझ्याकडे एक शिक्षिका यायच्या. पर्समध्ये कंपासपेटी, कंपासपेटीत गोळ्यांची पाकिटं. महिन्याचे २२ दिवस गोळी. ‘डोकं रोज दुखतं म्हणून रोज घेते’ असं त्या म्हणायच्या. खरं उलटं होतं. गोळ्या थांबवल्यावर पहिले आठ-नऊ दिवस त्यांनी मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल देव जाणे. दोन महिन्यांनी त्यांची डोकेदुखी महिन्यात पाच दिवसांवर आली. असं थांबवणं डॉक्टरांना सांगून करा. काही औषधं एकदम बंद करणं धोक्याचं असतं. तुमची गोळी महिन्यात किती दिवस पोटात जाते, तेवढं आधी मोजा.

झटका नसलेल्या दिवसांकडे वळते. अर्धशिशीचा मेंदू बदलाला कुरकुरतो. जागरण झालं तरी कुरकुरतो आणि दोन तास जास्त झोपलात तरी कुरकुरतो. म्हणून उठायची वेळ सुट्टीलाही तीच ठेवा, जेवण चुकवू नका, पाण्याची बाटली जवळ ठेवा. यात दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून लोक हे सोडून बाकी सगळं करतात. माझ्या हिशेबी मात्र घरच्या सगळ्या उपायांत सर्वाधिक फरक यानेच पडतो.

व्यायामाचा पुरावा चांगला आहे. स्वीडनमध्ये २०११ मध्ये एकाच चाचणीत तीन गट केले: एकाला आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम, दुसऱ्याला शिथिलीकरण, तिसऱ्याला टोपिरामेट हे झटके टाळणारं औषध. झटके तिन्ही गटांत कमी झाले आणि गटागटांत लक्षणीय फरक निघाला नाही. भरभर चालणं किंवा सायकल पुरे. सुरुवात हळू करा, कारण एकदम दमछाक केली तर त्यानेच डोकं चढतं. चालू झटक्यात व्यायाम नको, जिना चढूनही ठणका वाढतो.

मॅग्नेशियम आणि बी-२ जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेव्हिन, ही दोन्ही करून पाहण्याजोगी. रायबोफ्लेव्हिनची मात्रा दिवसाला ४०० मिलिग्रॅम. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या चाचणीत तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक लोकांचे झटके निदान अर्ध्यावर आले. लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका. मॅग्नेशियम दिवसाला ४०० ते ६०० मिलिग्रॅम. जुलाब झाले तर मात्रा उतरवा, मूत्रपिंडाचा आजार असेल तर घेऊच नका. दोन्हींना तीन महिने द्यावे लागतात. बटरबर नावाची वनस्पती मात्र नको. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये तिची शिफारस केली होती, पुढे यकृताच्या धोक्यामुळे ती मागे घेतली. ‘वनस्पतीच आहे, अपाय कसला’ म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

पथ्याचं फार स्तोम माजवू नका. चॉकलेट खाल्लं आणि डोकं दुखलं, म्हणून चॉकलेट बंद. पण गोड खावंसं वाटणं हीच कित्येकदा झटक्याची चाहूल असते. झटका आधीच निघालेला असतो, खाणं वाटेत भेटतं. एखाद्या पदार्थावर संशय असेल तर वहीत नोंद ठेवा, निदान तीन-चारदा जोडी जुळली तरच बंद करा. वहीत तारीख, सुरू झाल्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, चुकलेलं जेवण, घेतलेली गोळी आणि पाळीचे दिवस एवढं पुरे. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत झटके जास्त येतात का बघा. त्या सुमाराला इस्ट्रोजेन हे संप्रेरक घसरतं. तारखा जुळत असतील तर त्या पाच दिवसांपुरतं औषध आधीच घेता येतं. ऑरा येत असेल आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा, त्या जोडीने पक्षाघाताचा धोका वाढतो.

तुम्ही पत्रात ‘पित्ताचं डोकं असेल का, की सायनस’ असंही लिहिलंय. उलटी झाली की उतरतं, म्हणून पित्त, असा हिशेब होतो. पण उलटी ही झटक्याचाच भाग आहे. घशात बोटं घालून ती काढू नका. सायनसचं म्हणाल तर २००४ मधल्या एका मोठ्या अभ्यासात सायनसची डोकेदुखी समजून राहिलेल्या २९९१ लोकांपैकी ८८ टक्के जणांची लक्षणं अर्धशिशीच्या निकषांत बसली. अर्धशिशीत नाक चोंदतं, डोळ्यातून पाणी येतं, गालफड दुखतं, त्यामुळे फसायला होतं.

घरचे उपाय कुठे थांबवायचे? काही सेकंद-मिनिटांत शिखर गाठणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. ताप आणि ताठ मान. एक हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. खोकताना किंवा आडवं पडल्यावर वाढणारं दुखणं. गर्भारपणात नव्याने सुरू झालेलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, विशेषतः चावताना जबडा दुखत असेल तर. यातलं काहीही असेल तर बर्फ-आलं बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठा. पहिल्या तीन-चारांत तर थेट तातडीच्या विभागात. शिवाय महिन्यात चार किंवा अधिक दिवस जात असतील, आणि तुमचे तर त्याहून अधिक जात आहेत, तर झटके टाळणारं रोजचं औषध घ्यायचं का हे डॉक्टरांशी बोला. त्याने घरचे उपाय वाया जात नाहीत, उलट जास्त चालतात.

मुलीबद्दल. आईला असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते, म्हणून तिचं म्हणणं ‘शाळा चुकवायचं निमित्त’ समजू नका. मुलांचा झटका मोठ्यांपेक्षा वेगळा दिसतो: दोन-तीन तासांत आटोपतो, दुखतं बहुधा कपाळभर किंवा दोन्ही बाजूंना, चेहरा पांढरा पडतो, खेळता खेळता मूल आपणहून जाऊन झोपतं आणि उठल्यावर काही झालंच नव्हतं असं वागतं. काही मुलांना डोकं न दुखता नुसतं बेंबीभोवती पोटच दुखतं. तिला काळोखी खोली, थंड ओला रुमाल आणि झोप द्या. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. तुमच्या पाकिटातली अर्धी गोळी मोडून देऊ नका आणि अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नाही, १६ वर्षांखालच्या मुलांत त्याने रेज सिंड्रोम हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. पहिल्या खेपेला तिला डॉक्टरांना दाखवाच, चष्म्याचा नंबरही तपासून घ्या. आणि शाळेत सांगून ठेवा की डोकं दुखतंय असं ती म्हणाली तर तास संपायची वाट न बघता तिला आडवं होऊ द्यावं.